गाडीत बसलेला सुअटा

आई,

काल दादा जिना उतरून खाली आला आणि समोरच्या खोलीतलं काचेचं कपाट रविवारच्या आत रिकामं कर म्हणाला. त्याच्या धाकटीला बघायला पुण्याहून मंडळी येणार आहेत आणि त्यांना बसवण्यासारखी हीच एक खोली आहे. वहिनी त्याच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "ताई, बुरा मत मानना, पण पाहुणे आत आले की पहिलं तेच दिसतं ना. अजीब वाटतं." मग दादाने तुला मध्ये घेतलं. "आईला काय वाटलं असतं, याचा तरी विचार कर." मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण तुझं नाव निघालंच आहे, तर तुझ्याशीच बोलते. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आले आहे, तेव्हा आता बरोबरीने बोलायला हरकत नसावी.

कपाटात काय आहे ते तू पाहिलं आहेस. तुझ्यानंतर ते वाढलं, एवढंच. प्लॅस्टिकचे राक्षस आहेत. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, जीभ हनुवटीखाली लोंबणारी, आणि एकेक जण एकेका गाडीत कोंबून बसलेला. गाडीचं इंजिन बॉनेटच्या वर आलेलं, मागची चाकं पुढच्या चाकांच्या दुप्पट, गिअरचा दांडा राक्षसाच्या डोक्याहून उंच. मी लहान होते त्या काळात अमेरिकेत मुलांना हे सुट्या भागांत, खोक्यात घालून मिळायचे आणि मुलं ते घरी जोडायची. त्याच राक्षसांचे स्टिकर, पत्र्याचे बिल्ले आणि च्युइंगमबरोबर मिळणारी चित्रं खालच्या फळीवर आहेत. वहिनी त्याला कबाड म्हणते. तुझा शब्द "भुतं" होता, तो मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

पहिलं भूत घरात तूच आणलंस, हे दादाला आठवत नाही. छावणीतल्या एका बंगल्यावर तू साहेबांच्या मुलाला हिंदी शिकवायला जायचीस. ते लोक परदेशातून बदलून आले होते आणि त्या मुलाला 'क्ष' काढता येत नव्हता. तू शिकवायचीस ती शाळा सुटली की परस्पर रिक्षाने जायचीस आणि दिवेलागणीला दमून परत यायचीस. त्यांची पुन्हा बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी तुला एक खोकं दिलं, "टीचरजी, बच्चों के लिए." त्यात आखूड झालेले स्वेटर होते, एक लोकरीची टोपी होती, आणि तळाशी त्या भुताचं छोटं खोकं होतं, न उघडलेलं. स्वेटर दादाला झाले. उरलं ते माझ्या वाट्याला आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते काय आहे हेच कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. आतल्या कागदावरची चित्रं बघून मी भाग जोडत गेले. गोंदाची नळी वाळून गेली होती, म्हणून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं, त्यामुळे तो राक्षस गाडीत कायम थोडा डुलायचा. रंग नव्हते. जीभ लाल हवी होती. देवघराजवळ तुझी ओल्या कुंकवाची बाटली होती. त्यातलं मी काडीने जिभेला लावलं, डोळ्यांतही रेषा काढल्या आणि त्याला बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात बसवलं. त्या वेळी तू फक्त एवढंच म्हणालीस, "शी! काय हे ध्यान!"

मग नवरात्र आलं. आपल्या गल्लीतल्या मुली पहाटे उठून समोरच्या घरातल्या चाचीच्या चौथऱ्यावर सुअटा खेळायच्या. भिंतीवर मातीचा मोठा राक्षस थापायचा, त्याला कवड्यांचे डोळे लावायचे, खाली रंगांचा चौक भरायचा आणि गाणी म्हणायची. कुमारिकांना त्रास देणारा राक्षस, म्हणून कुमारिकांनीच त्याची नऊ दिवस समजूत काढायची, आणि शेवटी त्याला फोडायचं. मी खिडकीत उभी राहून ऐकायची. तू जाऊ द्यायची नाहीस. "ते त्यांच्यातलं आहे. आपल्यात भोंडला असतो." आपल्यात! या हिंदी मुलखात, ओरछा गेटच्या आत तेव्हा मराठी मुली अशा कितीशा होत्या? पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायला हात पुरत नव्हते, म्हणून तू स्वतः आमच्यात उभी राहायचीस, शाळेतून आल्या आल्या, चष्म्यासकट. मला तुझी तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही. पण खिडकीतून ऐकू येणारी ती गाणी मला पाठ होती, हेही तुला कधी कळलं नाही.

त्या वर्षी तू चाचीला खिरापतीला बोलावलंस. ती दारात आली, खोलीभर बघितलं आणि तिची नजर कोनाड्यावर गेली. जिभेला कुंकू, डोळ्यांत कुंकू, दिवस नवरात्राचे. ती हरखून गेली. "काय जिज्जी, तुमाओ सुअटा तौ गाड़ी में बैठो है!" आणि तिने डोक्यावर पदर घेतला, त्याला हात जोडले, भोंडल्यासाठी आणलेल्या फुलांतला एक झेंडू उचलून त्याच्या इंजिनवर ठेवला. मग मुलींकडे वळून म्हणाली, "हमाओ तौ भींत सें चिपको रत. तुमाओ घूमत-फिरत हुइए." आमचा भिंतीला चिकटलेला असतो, तुमचा हिंडता-फिरता असेल! मुली हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. तू हसली नाहीस. चाचीला तू खिरापत दिलीस, तिला दारापर्यंत पोचवलंस, दार लावलंस आणि मग माझ्याकडे वळलीस. "उद्या गल्लीभर होईल की मराठे लोक राक्षस पुजतात. इतक्या पिढ्या इथे नीट राहिलो ते ह्यासाठी? हे आपल्यातलं नाही. साहेबाच्या घरचं आहे, त्याला कुंकू लावतेस?" दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा कोनाडा रिकामा होता. रिकाम्या डब्यांबरोबर तू तो कबाडीला दिला होतास. मी रडले नाही. विचारलंही नाही.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आत्ता लिहिते. सुअटा त्यांच्यातला. राक्षस साहेबाच्या घरचा. पुण्या-मुंबईचे नातेवाईक येत तेव्हा आपलं बोलणं ऐकून गालात हसत, म्हणजे मराठीसुद्धा त्यांचीच. मग आपल्यातलं असं उरलं काय? पाटावरचा एक हत्ती आणि तुझी धास्ती. त्या दिवशी त्या खोलीत बरोबर बघणारी एकटी चाची होती. तिला एक राक्षस दिसला, कुणीतरी मनापासून रंगवलेला, आणि तिने त्याला फूल वाहिलं. तो कुणाचा, कुठून आला, हे तिने विचारलंसुद्धा नाही. तू मला चूक म्हणालीस. मी चूक नव्हते, आई. कुंकू बरोबर जागी लागलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. रेल्वेच्या ऑफिसात लागल्यावर खात्याच्या परीक्षेसाठी दिल्लीला गेले, तिथे रविवारच्या बाजारात फुटपाथवर जुन्या टेपरेकॉर्डरच्या ढिगात तसाच एक दिसला. गाडी वेगळी होती, जीभ तीच. मी तो पिशवीत घालून आणला आणि या वेळी कोनाड्यात ठेवला नाही, कुलपाचं कपाट घेतलं. नंतर पत्रं लिहून मागवले, मग कॉम्प्युटर आल्यावर आणखी. पोस्टमन दारातून ओरडायचा, "मैडम, फिर राक्षस आया है!" तू आतून म्हणायचीस, "आता ह्यांच्याशीच लग्न लाव." मी म्हणायची, "एकाशी की सगळ्यांशी?" तेवढ्यावर आपलं बोलणं थांबायचं. ज्यांना हा नाद आहे ते लोक खोकं उघडत नाहीत. न उघडलेल्याला मान जास्त. मी सगळी उघडते. भाग साबणाच्या पाण्यात धुते, नखं कापायच्या कात्रीने ते ज्या सांगाड्याला चिकटून येतात त्यापासून सोडवते, कड घासते, जोडते, आणि डोळ्यांतल्या लाल शिरा सर्वांत शेवटी काढते. एकाने परदेशातून मला लिहिलं होतं की तुम्ही दुर्मीळ वस्तूंची नासाडी करता. बंद खोक्यात राक्षस नसतो, फक्त प्लॅस्टिक असतं.

तुझा शेवटचा हिवाळा तू त्याच खोलीत काढलास, कारण ऊन तिथेच यायचं. पलंगासमोर कपाट होतं. एकदा मधल्या राक्षसाकडे बघत तू म्हणालीस, "त्याला जीभ आत घ्यायला सांग." मी म्हटलं, "जात नाही आत." तू म्हणालीस, "मग तोंड तरी तिकडे कर त्याचं." मी केलं नाही. तुला औषध दिलं, पाय चेपले, केस विंचरले, तू म्हणशील ते सगळं केलं, पण ते तोंड वळवलं नाही. आजारी माणसाचं एवढंसं मागणं होतं, कुणीही केलं असतं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. सगळा हिवाळा तू आणि तो एकमेकांकडे बघत राहिलात. त्याच दिवसांत ग्वाल्हेरच्या आत्या तुला बघायला आल्या. खुर्चीत बसल्या, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय अभद्र आजाऱ्यासमोर! काढ गं पोरी ते." मी उठले नाही. आत्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "असू द्या, वन्सं. ते तिचं आहे."

आपलं आहे, असं नाही म्हणालीस. तेवढं तुझ्याने झालं नाही, आणि ते मी ऐकलं. पण "तिचं" मला पुरलं. दादा तेव्हा भोपाळला होता. आईला काय वाटलं असतं, हे तो मला सांगतो!

वहिनीची भीती मला कळत नाही असं नाही. स्थळ चांगलं आहे म्हणतात. दादा आठवडाभर आरशासमोर पुण्याची मराठी बोलून बघतो आहे, चहाला "चाय" म्हटलं की स्वतःच जीभ चावतो. मी पुतणीला आज सकाळी नळावर गाठून सरळ विचारलं, तुला नको असेल तर सांग, कारण लग्न तिचं आहे, दादाचं नाही. ती म्हणाली, "आत्या, राहू दे ना. मैं तो इन्हीं को देखके बड़ी हुई." मग मी दुसऱ्या कुणाचा विचार करणार नाही. पुण्याचे लोक येतील, पोहे खातील आणि बघतील. इथे कोण राहतं ते त्यांना दिसायला हवं. चार दिवसांसाठी आपण दुसरेच कुणी व्हायचं, हे तू आयुष्यभर केलंस. मी करणार नाही. कपाट जिथे आहे तिथे राहील, आणि तोंडं खोलीकडेच राहतील.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुला पोचायचा तर प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र खरी सांगते. यातलं एक अक्षरही मी काल दादासमोर बोलले नाही. तो उत्तरासाठी थांबला तेव्हा मी फक्त "बघू" म्हणाले, आणि तो समाधानाने वर निघून गेला. या घरात तू कधी "बघू" म्हणालीस आणि पुढे ती गोष्ट झाली, असं एकदाही घडलं नव्हतं. तो विसरलेला दिसतो.