लाल दोरीची मिरची

प्रिय भाऊजी,

पाकीट हातात घेतल्यावर वहिनीने पत्र पाठवलंय की उशी, असं तुम्ही टेम्पोवाल्याला नक्की विचारलं असेल. पानं बरीच आहेत, आणि का आहेत ते शेवटी सांगते. फोन केला की पंप चालू असल्याचं सांगून तुम्ही तो लगेच ठेवता, म्हणून रिकाम्या क्रेटांबरोबर हे पत्र धाडते आहे. पत्राला पंपाचा आवाज आड येत नाही, त्यामुळे निवांत वाचा.

आधी कटकटीचं बोलून टाकते. तुमच्या दादांनी धोशा लावलाय की आपल्या खानावळीसाठी हालापिनो मिरची यापुढे तुमच्याकडून नको, बाजारातून घ्यायची. झालं असं, की बस चालवणारे काका इतकी वर्षं सौम्य मिरचीच्या साध्या बरणीतल्या चकत्या पावात घालून खातात. परवा पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि बस उशिरा सुटली. त्याच दिवशी शिवणकामवाल्या बाईंनी लाल दोरीच्या बरणीतली जहाल मिरची सूपमध्ये घातली, चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, की आज काकडी का चिरली. दादांना तेवढं पुरे झालं. मिरची बंद, मग तुमचं पॉलीहाऊस कशाला ठेवायचं, मग भाऊजींनी ते विकून आपल्या हॉलमधल्या दिवाणावर येऊन राहावं, हे त्यांचं जुनं गणित. ते मायेपोटी बोलतात हे तुम्हालाही कळतं. पण त्या दिवाणावर तुम्ही महिन्याभरात सुकून जाल हे मला कळतं, आणि म्हणून मी पुढच्या तोडणीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

तुम्हाला आठवतं का, माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा तुम्ही मला पॉलीहाऊस दाखवायला नेलंत. मला वाटलं होतं दीर चार कौतुकाच्या गोष्टी सांगेल. तुम्ही एकाच झाडाच्या दोन मिरच्या तोडून माझ्या तळहातावर ठेवल्यात आणि दोन्ही चाखायला सांगितलंत. पहिली नुसती हिरवी लागली, भोपळ्या मिरचीची धाकटी बहीण म्हणावी अशी. दुसरीने माझी जी दैना केली, ती बघून तुमचे दादा माठाकडे धावले आणि तुम्ही त्यांना थांबवून मला दूध आणून दिलंत. मी रडत रडत विचारलं होतं की एकाच आईची लेकरं असून असं कसं. तुम्ही दादांकडे आणि स्वतःकडे बोट दाखवून हसला होतात.

त्यानंतर तुम्ही मला जे शिकवलंत त्यावर माझं स्वयंपाकघर उभं आहे. तिखटपणा बियांत नसतो, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. दादा अजूनही बिया झटकून शीर तशीच ठेवतात आणि वर हाशहुश करत मिरचीला शिव्या देतात. बियाण्याच्या काही जाती मुद्दाम सौम्य केलेल्या असतात, कारण डबाबंद माल करणाऱ्यांना प्रत्येक चकती सारखीच हवी असते आणि तिखटाचा अर्क ते वरून मोजून घालू शकतात. झाडाला पाण्याची ओढ लागली, उकाडा वाढला, की मिरची चिडते. झाडावर जास्त दिवस राहिली की तिच्या सालीवर बारीक भुऱ्या रेषा उमटतात, आणि रेषावाली बहुतेक वेळा जहाल निघते. बहुतेक वेळा, नेहमी नाही, हे तुम्हीच बजावलं होतंत. छाती फुगवून सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्याला काय ठाऊक नाही तेही त्याच सुरात सांगणारा माणूस मी तुमच्याशिवाय पाहिला नाही.

आणि तुमचं ते पाणी तोडणं. तोडणीच्या आधी तुम्ही ठिबकचा कॉक बंद करता आणि झाडांपाशी घुटमळत राहता. दुपारी पान मान टाकतं, मला वाटतं आता मेलं, मी कॉककडे हात नेते आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. उन्हं उतरली की पान आपलं आपण सावरतं. ज्या दिवशी ते सकाळीही मान टाकून असेल, त्या दिवशी मात्र तुम्ही चहा अर्धा टाकून पाणी सोडायला पळता. झाडाला तहान लागू द्यायची पण त्याचे हाल होऊ द्यायचे नाहीत, हे इतक्या नेमकेपणाने जमवणारा माणूस आमच्या घरातला आहे, याचा मला अभिमान वाटतो. कधी तोंडावर बोलले नाही, कारण तुम्ही लगेच पंप सुरू केला असता.

रेषावाल्या मिरच्या एका क्रेटमध्ये आणि त्या क्रेटला लाल दोरी, गुळगुळीत मिरच्या दुसऱ्या क्रेटमध्ये. इथे आल्यावर तीच दोरी मी सोडवून बरणीच्या गळ्याला बांधते. गिऱ्हाइकांना ना झाड ठाऊक ना रेषा. ते दोरी बघून हात घालतात, म्हणजे खरं तर तुमच्यावर विश्वास ठेवून हात घालतात.

म्हणून या खेपेला माल आला तेव्हा दादा सुट्टे पैसे आणायला गेलेले बघून मी दोन्ही क्रेट ओट्यावर उपडे केले. आधी वाटलं, तुम्ही बियाणं बदललं असेल. पण आकार, रंग, जाड गर, सगळं नेहमीचं. मग वाटलं, पाण्याचं तंत्र बिघडलं असेल. ठसठशीत रेषांच्या काही मिरच्या चिरून चाखल्या. नेहमीसारख्याच झणझणीत, मी दोनदा शिंकले. झाडांची तहान तुम्ही आजही बरोबर ओळखता, बहुधा पान हातात घेऊन. मग मी खिडकीपाशी उजेडात एकेक मिरची फिरवून पाहिली. जाड रेषांची प्रत्येक मिरची लाल दोरीच्या क्रेटमध्ये होती, एकही चुकलेली नव्हती. चुकल्या होत्या त्या केसाएवढ्या रेषांच्या. त्या साध्या क्रेटमध्ये पडल्या होत्या, आणि काही गुळगुळीत मिरच्या लाल दोरीच्या क्रेटमध्ये. ज्या रेषा बोटाला लागतात त्या बरोबर निवडल्यात, भाऊजी. ज्या फक्त डोळ्याला दिसतात तिथे घोटाळा झाला.

मी मिरच्या नीट निवडून पुन्हा क्रेटमध्ये भरायला घेतल्या. मग एकेक आठवायला लागलं. मागच्या खेपेला मी आले तेव्हा पॉलीहाऊसच्या दारात उभी होते, हाक मारेपर्यंत तुम्ही कोण पाहिजे अशा चेहऱ्याने बघत होतात. चहा ओतताना तुम्ही कपाच्या आत बोट धरलंत. मी त्यावरून तुमची थट्टा केली आणि तुम्ही माझ्यापेक्षा जोरात हसलात. तुमच्या हसण्याला मी फसले. तुम्हाला भीती वाटत असेल, आणि ती एकट्याने पचवणं तुमच्या स्वभावात आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

दादांना मी काहीही सांगितलेलं नाही. त्यांना इतकंच म्हटलं की निवडताना गडबड झाली, यापुढे तोडणीला मी स्वतः जाईन. तर मी येणार आहे, विचारत नाही, सांगते आहे. पाणी तुमचं, झाडं तुमची, कुठली मिरची कधी तोडायची हा हुकूम तुमचा. बारीक रेषा तेवढ्या मी बघेन. मी चुकले तर खुशाल हातावर चापट मारा. मला या वयात एवढं शिकवणारा दुसरा कोण मिळणार आहे? आणि आमच्याकडे दुपारी सूप प्यायला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई येतात. लाल दोरी नसलेल्या बरणीला त्या हात लावत नाहीत. तुमचं नाव न घेता विचारलं, तर म्हणाल्या की तपासल्याशिवाय काही बोलणार नाही, पण घेऊन या, उशीर नको. त्यांची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

आता पानं एवढी का झाली ते सांगते. बरण्यांवर तारखा घालायचा जाड काळा मार्कर घेऊन, मुलांच्या पाटीवर असावीत एवढी मोठाली अक्षरं मी काढली आहेत. एका पानावर जेमतेम पाच ओळी मावतात. हे पत्र टेम्पोवाल्याकडून वाचून घ्यायची वेळ तुमच्यावर येऊ नये, तुमचं तुम्हालाच वाचता यावं, एवढ्यासाठी. उत्तर लिहायचा खटाटोप करू नका. डॉक्टरीण बाईंकडे यायला तयार असाल तर येत्या खेपेला साध्या मिरच्यांच्या क्रेटलाही लाल दोरी बांधा. दोन्ही क्रेटना दोरी दिसली की मी समजेन. आणि दोरी चुकून भलतीकडेच बांधली गेली, तरी मी ते होच धरणार आहे.

तुमच्या मिरचीने आजवर सर्वात जास्त रडलेली,
तुमची वहिनी