सुभेदाराला मलेरिया होत नाही

१० ऑगस्ट
टांझानियाची जंगल सफारी पक्की. पलूसच्या माजी सैनिकांतला पहिलाच मी. दुर्दैवाने साडू वीरधवलही येतोय. साताऱ्याचा निवृत्त तलाठी, तोंड कायम लिंबू चोखल्यासारखं. परतल्यावर हायस्कूलमध्ये सत्कार आणि भाषण माझं. त्याचं नाही. खात्री करून घेतली.

१२ ऑगस्ट
डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. रोज एक, परत आल्यावरही चार आठवडे. वीरधवलने लगेच अलार्म लावला. भित्रा. मला आसामात एकदा मलेरिया झालाय. एकदा झाला की जन्माची सुट्टी. डॉक्टर म्हणाला, तसं नसतं. पोरगेलाच आहे.

२० ऑगस्ट, सं. ६.३०, तंबू
सिंह पाहिला. साधारण.
वीरधवल लांब बाह्या, मोजे, वर मलम फासून. मी बनियनवर. बायको क्रांती म्हणाली, "आवं, शर्ट तरी घाला." फौजेत सूर्य मावळला की हुकमाने बाह्या खाली करायला लावायचे. आता हुकूम देणारा कोण? वीरधवल म्हणाला, "सुभेदार, डास रँक बघत न्हाई." सगळे हसले. हलकट माणूस.
मच्छरदाणीची घडी करून उशाला घेतली.

२८ ऑगस्ट
घरी. ठणठणीत. वीरधवल अजून गोळ्या खातोय! फोन करून मनसोक्त हसलो.

६ सप्टेंबर
हुडहुडी. उसाला पाणी पाजताना भिजलो, त्याने असेल. सत्कार ९ तारखेला.

७ सप्टेंबर, सांगली, दवाखाना
ताप १०४. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, परदेशात गेला होता का? वीरधवल दारातच उभा. म्हटलं, नाही. शेतातच असतो.

८ सप्टेंबर
उतार नाही. उठता येत नाही. क्रांती रडत म्हणाली, "मोठेपणापायी मरताय व्हय?" शेवटी वीरधवलनेच बाईंना सगळं सांगितलं. आफ्रिका, बनियन, गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट. चुगलखोर. मग मलेरियासाठी रक्त तपासलं. मलेरियाच. बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर...

१० सप्टेंबर
बरं वाटतंय.
काल सत्कार झाला. वीरधवलचा. मांडव घातलेला, माणसं आलेली, म्हणून त्यालाच उभा केला. क्रांतीने व्हिडिओ दाखवला. विषयही बदललेला: मलेरिया कसा टाळावा. पडद्यावर आधी सिंह, मग माझा फोटो, सलाइनसकट. एका मुलीने विचारलं, हे वाचले का? वीरधवल म्हणाला, "वाचले. लय चिवट हायत."
टाळ्यांचा कडकडाट.
सिंहाच्या फोटोला एवढ्या पडल्या नव्हत्या.