माजघराची भिंत

स्वारींच्या चरणी मथुरेचा दंडवत.

आपण उत्तरेच्या मोहिमेवर गेलात आणि मागे धाकट्या भावोजींनी नारायण पेठेतलं घर उभं केलं. आम्ही राहायला आलो तोच माजघराची भिंत फुगली. नखाने उकरलं, तर चुन्याच्या गिलाव्याआड विटा नुसत्या मातीत रचलेल्या.

भावोजींना म्हटलं, "पोरं इथेच निजतात हो."

"नवं घर जरा बसतंच, वहिनी. दादाला उगाच घोर लावू नका."

काल वीट निसटून पाळण्यात पडली. कुसुम तेव्हा माझ्या मांडीवर होती. आता आम्ही ओसरीवर, थंडीत निजतो.

आपल्याकडे धाडायची टपालाची थैली भावोजीच बांधतात, पत्रं वाचूनच. म्हणून हे माझ्यापाशीच राहील. आज त्यांनी सांगितलं तसं दुसरं लिहून दिलं: घर उत्तम झालं, आम्ही सुखरूप आहोत.

आपली,
मथुरा