गॅलरीतली शिट्टी

३ मार्च

पोचले. म्हाताऱ्याने दार उघडलं. पहिलं वाक्य काय? "पाय पूस." कशी आहेस नाही, दमलीस का नाही. त्रिएस्तेहून गाड्या बदलत बदलत आले आणि— पाय पूस!

उजवं मनगट मोडलंय त्याचं. कोपरापर्यंत प्लास्टर. शेजारीण फोनवर म्हणाली होती, "अगं, तुझ्या बाबांना शर्टाची बटणंही लावता येत नाहीत." म्हणून आले. बटणं लावीन, सूप करीन, अंथरूण घालीन. पण या खेपेला त्याच्या तोंडून "माझं चुकलं" ऐकल्याशिवाय परतीच्या गाडीत पाय ठेवणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे माघार घ्यायला नको.

४ मार्च

आनोलिनी केली, रश्शात उकळायच्या सारणाच्या पुरचुंड्या. सगळी सकाळ सारण भरण्यात गेली. पहिला चमचा तोंडात घालून म्हणाला, "रस्सा पाणचट झालाय."

मग दोन वाट्या ओरपल्या.

५ मार्च

सकाळी त्याचा शर्ट घालून देत होते. मान उंच करून लहान मुलासारखा उभा. मला एकदम इतका संताप आला की बटण हातात आलं. ते शिवत बसले आणि ठरवलं, ती रात्र एकदा कागदावर उतरवायचीच. आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

सव्वीस वर्षांची होते. आपलं गाव, आपलं थिएटर, ऑपेरातली पहिली मोठी भूमिका. एर्मेस खाटकाची पोरगी गाणार म्हणून बाजारातले लोक दुकानं लवकर बंद करून आले होते. वर छताला टेकलेली गॅलरी, लाकडी बाकांची. तिथे खाटीक, न्हावी, सुतार. सगळ्यांना सगळं गाणं पाठ. खाली मखमली खुर्च्यांतले लोक कशालाही टाळ्या वाजवतात, पण गॅलरी नाही. सूर चुकला की गॅलरीतून शिट्टी येते. शिट्टी म्हणजे थू तुझ्यावर. आणि बाबा त्या गॅलरीतला सगळ्यांत मानाचा माणूस.

तिसऱ्या अंकात वरचा सूर फुटला माझा. फुटला, नाही म्हणत नाही. थिएटर गपगार. आणि त्या शांततेत वरून एक शिट्टी आली.

एकच. आणि ती मला लाखांत ओळखू आली असती. नदीकाठी खेळत असायचे तेव्हा जेवायला बोलवायला तो तीच मारायचा, दोन बोटं तोंडात घालून. मी तशीच शिट्टी मारून उत्तर द्यायचे. त्यानेच शिकवली होती.

बाकी कुणी नाही मारली. परक्या माणसांना माझी दया आली, बापाला नाही आली. मी तिथल्या तिथे पाठ फिरवली आणि आत गेले. उरलेलं दुसरीने गायलं. पुन्हा कुठल्याही स्टेजवर उभी राहिले नाही. त्रिएस्तेच्या शाळेत पोरांना सारेगम शिकवत जन्म गेला. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. नाताळला फोन, तोही हवापाण्याचा.

६ मार्च

आज काय मागावं त्याने? "थिएटर दाखव मला."

म्हटलं, काय? म्हणे, गॅलरीचा जिना दुरुस्तीसाठी बंद आहे, वर्ष झालं, वरची तिकिटंच देत नाहीत. आता दिवसा पर्यटकांना फिरवतात तेवढंच. नेल्लोकाकांनी परवाची तीन तिकिटं काढलीसुद्धा. नेल्लोकाका न्हावी, गॅलरीत जन्मभर बाबाच्या शेजारी बसलेले.

"मला कशाला ओढतोस त्यात?" मी विचारलं.

"मग कोट कोण घालून देणार?" म्हातारा म्हणाला.

कोट! त्या दारातून मला पुन्हा आत न्यायचं, ते कोटासाठी. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बाजारात गेले आणि जांभळा स्कार्फ घेतला. भडक, वांग्यासारखा जांभळा.

८ मार्च

सकाळी स्कार्फ गळ्यात बांधूनच खोलीबाहेर आले. म्हातारा कॉफी पीत होता. कप खाली ठेवला.

"थिएटरात जांभळं? काढ ते."

"नाही काढणार."

"गाणाऱ्यांचं वाटोळं होतं त्याने."

"एकीचं झालंय की. जांभळं न घालताच."

नेल्लोकाका दारात उभे होते. त्यांचा हात खिशात गेला. आत बोटांची शिंगं करून अपशकुन घालवत असणार, मला काय माहीत नाही? बाबाने कप उचलून उरलेली कॉफी संपवली. याला टोमणेसुद्धा लागत नाहीत.

थिएटरच्या दारात बेनेदेत्ता नावाची गाईड. वीस-बावीस वर्षांची, गोड हसणारी. महिला दिन म्हणून बायकांना मिमोसाच्या पिवळ्या फुलांची डहाळी देत होती आणि सगळ्यांच्या छातीवर एकेक पिवळं गोल स्टिकर चिकटवत होती. बाबाच्या कोटावरही चिकटवलं. त्याने खाली बघितलं. "मी हॅमवर किंमत लावायचो ती अशीच," म्हणाला. मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

खाली मखमली खुर्च्यांत बसवलं आम्हाला. जर्मन, जपानी, एक अमेरिकन कुटुंब. बाबा आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला होता. मान मोडेपर्यंत वर बघत होता, गॅलरीकडे. बेनेदेत्ताने झुंबराचं वजन सांगितलं, सोन्याचा मुलामा सांगितला. मी स्टेजकडे बघायचं टाळत होते. आणि मग—

"आता एक गंमत सांगते हं! वर ती गॅलरी दिसतेय ना? इथे एकदा एका खाटकाची मुलगी गायला उभी राहिली. सूर चुकला. अख्खी गॅलरी शिट्ट्या मारत सुटली! आणि सगळ्यांत मोठी शिट्टी कुणाची? तिच्या सख्ख्या बापाची! पोरगी जी रडत पळाली ती नाटकाच्या कपड्यांतच स्टेशनवर!"

लोक हसले. सगळे. एका बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

रडले नव्हते मी! आणि अख्खी गॅलरी कुठली? एकच माणूस होता, आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलाय! माझ्या आयुष्याचं मातेरं झालं आणि इथे तिकीट लावून त्याची गंमत सांगतात, झुंबराच्या नंतर. हातातल्या मिमोसाचा पार चुरा झाला.

"चला, आपणही गॅलरीवाले होऊ या! कुणाला शिट्टी येते?" बेनेदेत्ता म्हणाली. अमेरिकन पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. खिदळत. लोक मोबाइल काढून ते टिपायला लागले.

तेव्हा म्हातारा उठला. समोरच्या खुर्चीला धरून, हळूहळू. उजवा हात तोंडाकडे नेला, प्लास्टर मध्ये आलं. डावा नेला. दोन बोटं घातली आणि फुंकर मारली. कवळीतून नुसती हवा. पुन्हा मारली. पुन्हा हवा. डोळे बेनेदेत्तावर रोखलेले, चेहरा लालबुंद. तिला वाटलं आजोबांनाही मजा येतेय. "शाब्बास आजोबा!" म्हणाली.

मला काय झालं मला कळलं नाही. उठले, दोन बोटं तोंडात घातली आणि मारली. नदीकाठची. सगळं थिएटर दणाणलं. पोरं गप्प झाली, बेनेदेत्ताचं हसू तोंडातच राहिलं. ती शिट्टी गमतीची नव्हती, हे तिला बरोबर कळलं. याच गावची आहे.

नेल्लोकाकाही एव्हाना उठले होते, बोटं तोंडात घालून. माझी शिट्टी ऐकली आणि बोटं काढून घेतली, हात खिशात, मुकाट्याने खाली बसले. वा! ऐन वेळी शेपूट घातली. बेनेदेत्ता जरा चाचरली, मग पुढचं सांगायला लागली, आवाज अगदी लहान करून. कुणी अडवलं नाही तिला.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाला, "शेवटी जरा घसरलीस."

९ मार्च

काल रात्री जेवताना सरळ विचारलं. किती दिवस मनात घोकत होते!

"बाबा, एकदा म्हण. माझं चुकलं, एवढंच म्हण."

पाव रश्शात बुडवत म्हणाला, "सूर फुटला होता."

"मला माहीत आहे फुटला होता! अख्ख्या थिएटरात एकट्या तुलाच शिट्टी मारावीशी वाटली? कुणीही मारली नाही रे, कुणीही नाही, फक्त तू!"

पाव रश्शात तसाच सोडला. वाटलं, आता म्हणेल. "हो. फक्त मी," म्हणाला आणि ताट सरकवून झोपायला गेला.

बस झालं. दगडाला पाझर फुटेल, याला नाही. बॅग भरली. बटणं शेजारीण लावेल.

१० मार्च

नेल्लोकाका सकाळी बाबाची दाढी करायला आले. मी बॅग दारात ठेवत होते. राग कुणावर तरी काढायचा होता, म्हणून म्हटलं, "परवा बोटं घातली होती ना तोंडात? मग घाबरलात कशाला?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "घाबरलो? अगं, एर्मेसच्या वतीने तुझी झाली ना आधी. मानाच्या माणसाने एक मारली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. निकाल लागला. समोरच्याला पुढे चालू दे. सगळे सुटले तर तो उभा राहील का तिथे?"

"हे मला कधी कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"गाणाऱ्यांना हे सांगायचं नसतं," ते वस्तऱ्याला धार लावत म्हणाले. "तू आता शिट्टी मारलीस, गॅलरीतली झालीस, म्हणून सांगतो. त्या रात्री आम्ही सगळे बाकांवर उभे होतो, बोटं तोंडात घालून. मीसुद्धा होतो, देआन्ना. एर्मेसने पहिली मारली."

आत गेले. म्हातारा पलंगावर बसून डाव्या हाताने बटणांशी झटापट करत होता. सगळं ऐकलं होतं त्याने. मी ओरडले, इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं, म्हणून. खूप ओरडले. त्याने ओरडू दिलं.

मग म्हणाला, "पुढचं गाशील म्हणून थांबलो होतो. सगळी गॅलरी थांबली होती. तू गेलीस कुठे?"

गाडी दहाची होती. मी बटणं लावत होते, तेव्हा गेली.