भावकीनं भंडारा उचलला

२४ नोव्हेंबर १९९६

वसंताचा दहावा झाला. भिवा जेवला नाही. कुऱ्हाडीला धार लावत बसला होता — लाकडं तर सगळी फोडलेली! माझा थोरला गेला, आता धाकटाही जेलात जाणार.

रामकिसन काही परका नाही. माझ्या चुलत जावेचा, तुळजाबाईचा मुलगा. वसंता न् तो एकाच अंगणात खेळले. आमची मेंढरं त्याच्या ज्वारीत शिरली, एवढंच निमित्त. त्यानं काठी घातली ती नेमकी वसंताच्या डोक्यात! सांडू, माझा धाकटा दीर, तेव्हा बांधावरच होता. दुसरं पाहणारं कुणी नाही. पोलिसांना त्यानं सगळं सांगितलंय.

२७ नोव्हेंबर

खंडोबाच्या देवळात भावकी बसवली. मीच बसवली! मीच म्हणाले, भंडारा उचला. सगळ्या गड्यांनी देवापुढचा भंडारा मुठीत घेऊन शपथ घेतली — कुणी कुणाचं वैर धरणार नाही. सांडूनं उचलला. तुळजाबाईच्या नवऱ्यानं, रामरावानं, तुरुंगातल्या मुलाच्या वतीनंही उचलला. भिवा काही उठेना. शेवटी मी त्याच्या पाया पडले, आई असून. तेव्हा उठला.

रामराव म्हणाले, "वैनी, तुमचं काळीज लई मोठं."

कसलं मोठं! मला एक तरी मुलगा घरात पाहिजे. बाकीचं कोर्ट बघेल.

१३ डिसेंबर

कुऱ्हाड माळ्यावर गेली. भिवा मेंढरं घेऊन जातो. अंगणवाडीत खिचडी वाढताना एक पोरगी काहीतरी बोलली आणि मला हसू आलं. मग फार लाज वाटली.

६ जुलै १९९८

एकदाची साक्षीची तारीख आली. सांडूला मी म्हणाले, सकाळच्या एसटीनं जालन्याला जाऊ. तो मान खाली घालून बसला.

"वैनी, मी न्हाई बोलनार तिथं."

किती पैसे खाल्ले, असं विचारलं मी. नाही नाही ते बोलले. तर हा हमसून रडायला लागला!

"भंडारा उचलल्ता ना मी. आता त्याला फासावर चढवून आलो, तर ते वैर न्हाई तर काय? तुम्हीच उचलायला लावल्ता."



७ जुलै

अरे, रक्तपात नको म्हणाले होते मी! खरं सांगू नका असं कुठं म्हणाले? सांडूला विनवलं — पाप माझ्या डोक्यावर घेते. तर म्हणतो, "असं घेता येत न्हाई, वैनी." चांगला माणूस आहे. त्याचाच जास्त राग येतोय.

१४ जुलै

"मला काई दिसलं न्हाई, साहेब."

सरकारी वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. तेच उत्तर. बाहेर वकील म्हणाले, "बाई, साक्षीदारच फिरला, आता केस कशावर उभी राहणार?" बरोबर आहे त्यांचं. कोर्टाला आमच्या भंडाऱ्याचं काय!

येताना माझ्या शेजारची जागा रिकामी होती. सांडू आमच्या टेंभुर्णीपर्यंत उभ्यानं आला.

वसंता, तुझ्या आईनंच केलं रे हे.

२९ जुलै

कोर्टात तुळजाबाई उठून उभी राहिली! रामराव तिचा पदर धरून खाली ओढत होते.

"साहेब, मला बोलायचंय. मी त्याची माय हाय."

केवढा गोंधळ झाला. शेवटी सरकारी वकिलांनी अर्ज दिला आणि जज्जसाहेबांनी तिची साक्ष घेतली.

"दिवस मावळता घरी आल्ता. म्हनला, माय, मी वसंताला मारलं. काठीचं रगत मीच धुतलं, साहेब. तवापासून वसंताच्या मायच्या दारावरून जाताना माझी मान वर व्हत न्हाई."

"माय!" रामकिसन ओरडला. लहानपणी पडल्यावर ओरडायचा, तसाच. तिनं तिकडे पाहिलं नाही.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी बाकावर बसून नुसती रडत राहिले.

१ ऑगस्ट

रामरावांनी तुळजाबाईला घराबाहेर काढलं. भावकीत कुणी दार उघडेना. आज ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

भिवानं उठून तिला पाणी दिलं.