आमच्या गोलकीपरची जर्सी

२ मार्च, सोमवार
पहिली टपकली ती शेजारची हेल्मी. माझ्याकडे नवी जर्सी आली की हिला बरोब्बर वास लागतो. आमच्या हॉकी संघातल्या लुकची जर्सी बघून नाकच धरलं. म्हटलं, अगं, सामन्यात घामेजलेलीच खरी, धुतली की चिंधी! बाहीवर पकचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या रबरी चकतीचा, काळा ओरखडा आहे, तो बघून मला भरून आलं. भिंतीवर अकरा झाल्या. आता फक्त गोलकीपर टायलरची हवी. मग मी मरायला मोकळी. म्हणजे, आधी हेल्मीला दाखवीन.

४ मार्च
लुकला संघातून काढलं. हेल्मी म्हणते, तू पांढऱ्या पायाची, ज्याची जर्सी घेतेस त्या पोराचा निकाल लागतो. जळते मेली. माझी पारखच तशी! मी निवडलेला मुलगा इथे टिकत नाही, मोठे संघ उचलतात. ब्रॉडीला इस्पितळाने उचललं, ते वेगळं.

७ मार्च, संध्याकाळी
सामना सुटल्यावर वेलदोड्याचा गोड पाव घेऊन खेळाडूंच्या दाराशी उभी. टायलर मला बघून मागच्या खिडकीतून गेला. केवढा लाजाळू! हल्ली अशी मुलं कुठे.

१२ मार्च
कप्तान वेस्ली स्वतः घरी आला, बरोबर दोघे खेळाडू! बाहेर बूट काढले, कॉफी घेतली. तिघेही भिंतीकडे पाठ करून बसले. भारावले असणार. वेस्ली म्हणाला, "आजी, शनिवारी हरलो की हंगाम संपला. तुम्ही तेवढी समोरच्या संघाच्या गोलकीपरची जर्सी मागा. सामन्याआधी मागा हं." आणि टायलरची? म्हणे, रविवारी तीन वाजता आम्हीच आणून देतो, शप्पथ. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

१४ मार्च, शनिवार
त्यांचा गोलकीपर ऑस्कर. गुणी पोर. माझ्या पावाचे तीन तुकडे खाल्ले, म्हणाला, जर्सी तुमचीच, आजी. मग बर्फावर उतरला आणि एक्केचाळीस पक अडवले. आम्ही तीन-शून्य हरलो. जर्सी निथळत होती तशीच हातात दिली. वेस्लीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेल्मी म्हणाली, "बाई, तुझा पांढरा पायसुद्धा वेळेवर पडत नाही!"

१५ मार्च, रविवार
तीनला कॉफी ठेवली. चारला परत गरम केली. पाचला हेल्मी सांगत आली की टायलर सकाळीच सामान गाडीत भरून गेला. वेस्लीला फोन केला. म्हणाला, आजी, रविवार म्हटलं होतं, पण नव्या हंगामातला. तो स्वतः खेळ सोडून भावाच्या गॅरेजात लागतोय म्हणे, पण शब्दाचा पक्का आहे. तारीख विचारून घेतली. ४ ऑक्टोबर, रविवार, दुपारी तीन.