ऑर्विलच्या गाडीतून

मेस्कीट वेल्स, टेक्सस
दि. ९ ऑक्टोबर २०२३

चि. लू हिस,
वर्लीनताईचे अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. टॅमराला ताप नाही. काल तिने सूप घेतलं आणि आज सासूच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, म्हणजे सुधारतेय. वेड तेलविहिरीवरून रजा घेऊन आलाय आणि बायकोला पाण्याचा पेलाही उचलू देत नाही. माझा मुलगा इतका कामाचा आहे हे मला तिसाव्या वर्षी कळलं. त्याच्या तिसाव्या, माझ्या नाही.

तुझ्याकडे तीन दिवस होते, पण तोंड उघडलं की रडू येईल म्हणून नुसती तुझ्या कोंबड्यांशी बोलत राहिले. आता सगळं लिहिते. फोनवर नको असं तूच म्हणालीस. संदेश कोर्टात वाचून दाखवतात म्हणे. पत्र निदान जाळता येतं.

मंगळवारी टॅमराचं पाणी गेलं. सतरावा आठवडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाचणार नाही, पण त्याचे ठोके चालू आहेत तोवर मला काही करता येत नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर कायद्यात मुभा आहे, पण धोका किती वाढला म्हणजे पुरेसा, हे कोणीच नीट सांगत नाही. आणि अंदाज चुकला तर डॉक्टरला जन्माचा तुरुंग. मग आम्ही काय करायचं, असं मी विचारलं. म्हणाल्या, घरी जा, ताप आला की परत या. मग दार लोटून हळूच विचारलं, न्यू मेक्सिकोत तुमचं कोणी आहे का, तिथे हा कायदा नाही. लू, चाळीस वर्षं मी शाळेत स्वयंपाक केला. भांडं करपल्यावरच गॅस बंद करायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझी गाडी नेमकी रुसलेली. शेजारची फर्न कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि नवऱ्याच्या पांढऱ्या गाडीची किल्ली घेऊन आली. ऑर्विल चर्चच्या पुरुषमंडळींबरोबर तळ्यावर मासे धरायला गेला होता, पास्टरच्या व्हॅनमधून. रविवारपर्यंत येत नाही, निघा, एवढंच म्हणाली. पुढचं तुला ठाऊक आहे. तुझ्या दारात पोचेपर्यंत पोरीचं अंग भाजत होतं.

शनिवारी परतलो तशी फर्नने गाडी धुऊन पुसून जागेवर लावली. ऑर्विलने आल्यावर तिचं कौतुक केलं म्हणे, की लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा माझ्या गाडीची कदर केलीस.

लोभ कोंबड्यांना वाटून उरेल तेवढा मला ठेव.
तुझी,
वर्लीनताई


अल्बुकर्की, न्यू मेक्सिको
दि. १७ ऑक्टोबर २०२३

ति. वर्लीनताईस,
लूचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जाळलं नाही, चुलीपाशी बसून दोनदा वाचलं फक्त. तू गेल्यापासून तांबडी कोंबडी अंडं देत नाही. तू तिला काय सांगून गेलीस देव जाणे.

इथल्या डॉक्टरांनी टॅमराला नाव विचारलं, दुखतंय कुठे विचारलं, आणि कामाला लागले. मी बाहेर बाकावर बसून वाट पाहत होते की आता कोणीतरी वकील येईल. आला तो झाडूवाला, आणि त्याने मला पाय उचलायला सांगितले.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. नर्सने बाळाला टॉवेलात गुंडाळून टॅमराच्या हातात दिलं, तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून उभी होतीस. मी बघितलं. हनुवटी वेडची होती, ताई. कधी विचारावंसं वाटलं तर टॅमराला विचार.

काळजी एवढीच आहे की तुमच्या काउंटीने तो ठराव केलाय ना, की गर्भपातासाठी बाईला काउंटीच्या रस्त्यावरून नेईल त्याच्यावर कोणीही दावा लावावा? पोलीस नाहीत, काही नाहीत, शेजाऱ्यांनीच एकमेकांवर नजर ठेवायची. तुमच्या गावाला त्यासाठी वेगळा कायदा कशाला लागला कोण जाणे, हे काम तुम्ही पूर्वीपासून फुकट करता.

लोभ आहे तसाच, थोड्या रागासकट, राहू दे.
तुझी धाकटी,
लू


मेस्कीट वेल्स
दि. ३० ऑक्टोबर २०२३

चि. लू हिस अ. आ.

तुझ्या जिभेला हाड नाही, आणि ती खरी ठरते हे जास्त वाईट. मला वकिलाची नोटीस आली. दावा लावतोय कोण, तर ऑर्विल. टॅमराचं पोट दिसेना आणि मी चर्चच्या गाण्याला आले नाही, त्यावरून त्याने हिशेब जुळवला. दावा जिंकला तर त्याला दहा हजार डॉलर मिळतील. त्यातून चर्चचं छप्पर करणार म्हणे. म्हणजे माझ्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून मलाच विकणार.

मी गाडी चालवली हे त्याला कळलंय. कोणाची, हे कळलेलं नाही. हसू नकोस. मी एका वाक्यात त्याचा दावा बुडवू शकते, पण त्या वाक्यात फर्नचं नाव येतं, आणि तिला त्याच्याच घरात राहायचं आहे. म्हणून गप्प आहे. वेड म्हणतो बोल. टॅमरा म्हणते, फर्नआँटी नसती तर मी नसते, तेव्हा गप्प बस. मी टॅमराचं ऐकते.

आणखी एक. तुला सांगायची लाज वाटते. त्या ठरावाच्या अर्जावर माझी सही आहे. चर्चच्या जेवणाला ऑर्विल अर्ज लावलेली पाटी घेऊन फिरत होता. माझ्या एका हातात बटाट्याच्या सॅलडची परात, दुसऱ्या हाताने सही ठोकली. वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी केली असती, लू. मला वाटलं होतं, ह्या बायका म्हणजे दुसऱ्या कोणीतरी.

लोभ असेलच, सोबत एखादी प्रार्थना कर. तुझी तिकडे पोचत नाही हे ठाऊक आहे, तरी.
वर्लीनताई


अल्बुकर्की
दि. ६ नोव्हेंबर २०२३

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या सहीबद्दल मी तुला पुढची दहा वर्षं चिडवणार आहे, पण आज नको. आज एवढंच लिहिते, की मी साक्षीला येईन. दोन घटस्फोटांत मी कोर्टात इतकी बसले आहे की कुठल्या बाकाला गादी आहे ते मला सांगता येतं. गप्प बसायचं ठरवलंस ते मात्र बरोबर केलंस. लहानपणी माझ्या चुगल्या करायचीस, म्हणून आश्चर्य वाटलं.

पत्राची वाट बघते आहे. लोभाला खंड नको.
लू


मेस्कीट वेल्स
दि. २० नोव्हेंबर २०२३

चि. लू हिस अनेक उ. आ.

दावा गेला. फर्ननेच घालवला. गुरुवारी जेवताना तिने ऑर्विलला शांतपणे सांगितलं, की नोटिशीवर आधी माझं नाव घाल, किल्ली मी दिली, आणि गाडीचा नंबर घालायचा असेल तर तो तुला पाठ आहे. तो म्हणाला, थट्टा पुरे. ती म्हणाली, टाकीसुद्धा तुझ्याच कार्डावर भरली, कागद बघ. त्याने बघितला. वकिलाला फोन केला, तर वकील बराच वेळ खोकत राहिला म्हणे. ऑर्विलला दोन रात्री कोचावर काढाव्या लागल्या. तिने हाकललं नाही, उशी तेवढी बाहेर ठेवली.

शनिवारी तो माझ्या दारात आला. माझ्या गाडीत नवी बॅटरी बसवली, हात पुसले, मग विचारलं, दवाखान्यात नेमकं काय झालं. मी सगळं सांगितलं. घरी जा म्हणाले ते, वाटेत चढलेला ताप, टॉवेल. हनुवटीचंही सांगितलं, लू. टॅमराला विचारलं होतं मी. ठराव चुकला असं तो अजून म्हणत नाही. एवढंच म्हणाला, की आम्हाला वाटलं होतं, हे दुसऱ्या तऱ्हेच्या बायकांसाठी आहे. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं, तुझ्याच पाटीवर.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. त्यांची मुलगी मार्ला इथेच दोन गल्ल्या पलीकडे राहते. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोनदा पोटातलं गेलं, आता पुन्हा तिसरा महिना लागलाय. टोपी हातात फिरवत त्याने विचारलं, तुझ्या बहिणीच्या घरापर्यंत किती तास लागतात. मी म्हटलं, सहा, तापल्या पोरीला घेऊन असशील तर पाच. गरज पडणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मुळीच नाही. मग त्याने खिशातून चर्चचं पत्रक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वळणं लिहून घेतली, पेट्रोल कुठे मिळतं तेही. तुझा फोन नंबर दोनदा वाचून दाखवला, चुकू नये म्हणून.

पाहुण्यांची खोली झाडून ठेव. आणि लोभ जरा मोठा ठेव, आता तो शेजाऱ्यांनाही लागेल.
तुझी,
वर्लीनताई